शेवंतीची काशी

माझ्या पोटापाण्याच्या धंद्याविषयी वडूजला आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. एक, मी सांगलीच्या कॉलेजात मास्तर आहे. हे खरं आहे. दुसरं, मी फुलांची डीएनए टेस्ट करतो. हेही खरंच आहे, पण ते ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते पाहून मी पहिल्या उत्तरावरच थांबायला शिकलो आहे. डीएनए म्हटलं की आमच्याकडे डोळ्यांसमोर कोर्ट येतं, टीव्हीवरची मालिका येते आणि कुणाचं पोर कुणाचं याचा निकाल येतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने एकदा मला हळूच विचारलं होतं, "फुलांच्यात बी आसली भानगड आसती व्हय?" मी म्हणालो, असते. त्यानंतर बराच काळ तो स्वतःच्या दारातल्या गुलाबाकडे संशयाने बघायचा.

खरं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा समजेल. शेवंतीचं कोवळं पान घ्यायचं, खलात घालून बारीक वाटायचं आणि निरनिराळ्या द्रावणांतून धूत न्यायचं. शेवटी नळीच्या तळाशी पांढरट धाग्यासारखं काहीतरी उरतं, तो डीएनए. त्याचे ठरावीक तुकडे यंत्रात वाढवायचे आणि एका पातळ वडीतून वीज सोडून त्यांना पळवायचं. त्या वडीला जेल म्हणतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि दिव्याखाली धरलं की पट्ट्या दिसतात. कोणते तुकडे बघायचे हे ज्या खुणांवरून ठरतं ते मार्कर. दोन झाडांच्या सगळ्या पट्ट्या जुळल्या तर झाडं एकच, नाही जुळल्या तर वेगळी. एवढंच आहे. एवढ्यासाठी मी चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसलो आणि घरात एक खोली अडवली.

प्रबंधाचा विषय होता सातारा-सांगली भागातल्या परसातल्या देशी शेवंतीमधली जनुकीय विविधता. विषयाचं नाव एवढं लांब असलं की आत फारसं काही नसलं तरी निभावतं, असा माझा समज होता. शिवाय विविधता सापडणार याची मला खात्रीच होती. ज्या भागात दोन सख्ख्या भावांचं एका बांधावर एकमत होत नाही, तिथे दारोदारची शेवंती एक कशी असेल?

मग मी दोन वर्षं रविवार घालवले. मोटारसायकलवर खटाव, माण, तासगाव, कवठे महांकाळ असा फिरायचो. कुणाच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर, कुणाच्या तुळशीमागे, कुणाच्या गोठ्याच्या कडेला शेवंती दिसली की थांबायचो. फिकट पिवळी, मधे गडद डोळा, पाकळीच्या पाठीवर अंगचीच थोडी लाली आणि कडवट वास. मी घरच्या बाईला नमस्कार करायचो, पानं मागायचो आणि एक प्रश्न विचारायचो, "ही शेवंती तुम्ही कुठून आणली?"

"कुठनं आनतुया? घरचीच हाय."

सगळीकडे हेच उत्तर. एकीने तर मी काही म्हणायच्या आत सांगून टाकलं, "आमी काय चोरून न्हाई आनली बाबा." तिथे खरं तर माझे कान टवकारायला हवे होते. मी उलट खूश झालो. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फोनवर विचारलं, "सगळ्याच घरच्या? कुणीच कुणाकडून आणलेली नाही?" मी म्हणालो, "नाही मॅडम, सगळ्या खानदानी आहेत." स्वतंत्र घरं, स्वतंत्र शेवंत्या, म्हणजे कितीतरी वाण. मी मनातल्या मनात त्यांना नावंही द्यायला सुरुवात केली होती, आणि त्यातल्या एकाला माझंच नाव दिलं होतं.

या फिरतीत मी कवठे महांकाळला आत्याकडेही गेलो. हे मी घरी सांगितलं नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडील गेले त्याच्याही आधीपासून आई आणि आत्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्याला कारण हीच शेवंती. आत्याच्या घरच्या एका लग्नात मांडवात कुणीतरी वेणीचं कौतुक केलं. आत्या म्हणाली, आमच्या घरची शेवंती आहे. त्यावर आई चारचौघांत बोलून गेली, "घरची कसली? माझ्याच दारातनं चोरून न्हेल्याली हाय." आत्याच्या सासरची सगळी माणसं तिथे होती. त्या दिवसापासून दोघींचं येणंजाणं तुटलं. मी लहानपणी हे भांडण ऐकलं तेव्हा मला ते फारच क्षुल्लक वाटलं होतं. मी आत्याकडून पानं घेतली आणि तिलाही तोच प्रश्न विचारला. तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाली, "घरचीच हाय. सासूनं लावल्याली."

आता आईच्या शेवंतीविषयी. आईचं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठचं. एका पुरानंतर मामाने तिथलं घर-जागा विकून टाकली आणि तो मुलाकडे पुण्याला गेला. आई तिकडे पुन्हा गेली नाही, कारण जायला काही उरलंच नव्हतं. उरली होती ती वडूजच्या दारातली शेवंती, लग्नानंतर तिने तिकडून आणलेली. शेवंतीचं बी कुणी लावत नाही. तिच्या बुडाशी जमिनीतून फुटवे निघतात, त्यांना काश्या म्हणतात. एक काशी मुळासकट उपटायची आणि दुसरीकडे लावायची. ते नवं झाड जुन्याचं लेकरू नसतं, तेच झाड असतं, फक्त दुसऱ्या जागी उभं. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवतो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत झालं आणि ती महिनाभर माझ्याकडे राहिली. वडूजला माझा मोठा भाऊ, दादा, असतो. तो फौजेतून रिटायर होऊन आला आहे, पण फौज त्याच्यातून अजून रिटायर झालेली नाही. आई परत यायच्या आत तिला सरप्राईज द्यायचं त्याने ठरवलं. तिचा पाय घसरू नये म्हणून त्याने अख्खं अंगण, पुढचं मागचं, पेव्हर ब्लॉक घालून सपाट करून टाकलं. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा तो दारात सावधान उभा होता.

"बघ आई. एकदम फर्स्ट क्लास. मातीचा कण दिसणार नाही तुला."

आईने काठीवर भार देऊन सगळीकडे पाहिलं. मग न्हाणीच्या बाजूला पाहिलं, जिथे शेवंती होती. "बरं केलंस," म्हणाली आणि आत गेली. दादा मला म्हणाला, "खूश झाली ना?" मी म्हणालो, झाली. फुलांवर संशोधन करणाऱ्या मला तिथे काय नाही हे त्या क्षणी दिसलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. आई तोंड धुऊन, सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन न्हाणीमागे गेली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने ते पाणी ब्लॉकवर ओतलं आणि परत आली.

ती कुणाला काही बोलली नाही, दादाला तर नाहीच. पण गुडघ्याचा व्यायाम करीना. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हटलं की म्हणायची, "कुठं जायाचंय चालून?" मार्गशीर्षात वहिनी गुरुवार करते. घटापुढे दरवर्षी आईची शेवंती असायची. मी सांगलीच्या बाजारातून किलोभर टपोरी शेवंती घेऊन गेलो. आईने एक फूल हातात घेतलं, वास घेतला आणि परत परडीत ठेवलं. "फुलं हायत ही," म्हणाली. "शेवंती न्हाई." दादाने हे ऐकलं आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो दिवसभर शेडमध्ये जाऊन गाडीचा आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसत बसला.

मला वाटलं, आता आपण आईला दिलासा द्यावा. माझी अक्कल अशा वेळी जास्तच चालते.

"आई, तुझी शेवंती गेली नाही. माझ्याकडे आहे."

ती ताठ बसली. "कुठं?"

"कॉलेजात. फ्रीजमध्ये."

"फ्रीजमदी वाळंल की ती."

"वाळत नाही. नळीत ठेवली आहे."

"मग आन की बाबा. दादाला सांगून दोन फरश्या उचकटू आन लावू."

मग मला सांगावं लागलं की नळीत झाड नाही, झाडाचा डीएनए आहे, दोन थेंब, आणि तो लावता येत नाही. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तू तिचा रस काढलायस."

"तसंच म्हण."

"आन पानं?"

"ती वाटली."

"झाड व्हतं तवा एक काशी न्हेऊन तुझ्या दारात लावावी आसं सुचलं न्हाई तुला. पानं वाटायचं सुचलं." मग म्हणाली, "त्या रसाचा उपेग काय मग?"

"झाड कोणतं होतं ते कळतं."

"ते मला ठावं हाय."

मला फार लाज वाटली. सांगलीला परत जाताना विट्याच्या पुढे मी गाडी बाजूला घेऊन नुसता बसून राहिलो. माझ्याजवळ आईच्या शेवंतीचा जगातला सगळ्यात शुद्ध नमुना होता आणि तो तिच्या काहीच कामाचा नव्हता.

जानेवारीत मी सगळे नमुने एकत्र चालवले. दिव्याखाली जेल धरलं आणि पाहतो तर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पट्ट्या एका ओळीत. कुठे एक वर नाही, एक खाली नाही. कवायतीला उभी केलेली दादाची पलटण असावी तसं ते दिसत होतं. मी फोटो काढून मॅडमना पाठवला. लगेच फोन आला.

"तुम्ही सगळीकडे एकच नळी घातलीत का?"

प्रामाणिक माणसाने अशा वेळी नाही म्हणायला हवं. मी म्हणालो, "तसं झालं असू शकेल, मॅडम." मला स्वतःची पुरेशी ओळख आहे. मग मी सगळं पहिल्यापासून केलं. नवी पानं आणली, आईच्या शेवंतीचा तेवढा नळीतलाच डीएनए वापरला, नवे मार्कर घेतले, सोबत बाजारातली टपोरी शेवंती आणि एक तांबडी शेवंतीही घातली. त्या दोघी वेगळ्या आल्या. म्हणजे माझा हात ठीक होता, यंत्र ठीक होतं. बाकीच्या सगळ्या मात्र पुन्हा एक. दोन वर्षांचे रविवार, पेट्रोल, उन्हं, आणि विविधतेच्या नावाने हाती एकच झाड. माझ्या नावाचा वाणही गेला.

"सगळी काशी झाली म्हणायची," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. एकच काशी."

"तुम्हाला या वेळी विनोद सुचतो?"

मी विनोद केला नव्हता. बोलून गेलो आणि मग मलाच ऐकू आलं. एकच काशी. या दारातून त्या दारात उपटून नेलेली. खरं सांगायचं तर त्या दिवशी दुपारभर मी प्रबंधाच्या नावाने गळा काढत होतो. आईची शेवंती इतक्या दारांत जिवंत उभी आहे, हे मला संध्याकाळी चहाचा दुसरा कप संपल्यावर सुचलं.

शनिवारी मी वडूजला गेलो आणि आईला मोबाइलवर जेलचा फोटो दाखवला.

"ह्यातली माझी कंची?"

"सगळ्याच तुझ्या."

"आसं कसं आसंल? लोकांची लोकांची." तिने बोट ठेवलं. "ही कुनाची?"

मी अडखळलो. "ती कवठ्याची. आत्याची."

मी तिकडे गेलो होतो हे तिला त्यातूनच कळलं, पण तिचं लक्ष त्या पट्ट्यांवर होतं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा उजळला. "व्हय. ती माझीच हाय. मी म्हनत व्हते का न्हाई? आता पाठीव तिला ह्यो फोटू."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मास्तर. "आई, या पट्ट्या दोन्ही झाडं एकच आहेत एवढंच सांगतात. कुणी कुणाकडून नेली ते सांगत नाहीत."

"म्हंजे तिच्याकडनं मी आनली आसं बी हुईल?"

"पट्ट्यांच्या हिशेबाने होईल."

"जळ्ळं तुझं शास्तर," आई म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

मी विचारलं, "पण मग सगळ्या बायका घरचीच आहे असं का म्हणाल्या?"

"मग काय चोरीची म्हनतील? तुला एवढं बी ठावं न्हाई? शेवंती मागून आनली तर लागत न्हाई. चोरून आनायची आसती. ज्याची हाय त्यानं बघायचं न्हाई, न्हेनाऱ्यानं बोलायचं न्हाई. आन मागनं कुनी इचारलं तर घरचीच म्हनायचं."

लहानपणी चोरलेलं रोप चांगलं लागतं असं मीही ऐकलं होतं, आणि विज्ञानाच्या पहिल्या वर्षालाच ते डोक्यातून काढून टाकलं होतं. म्हणजे दोन वर्षं मी दारोदार हिंडून सज्जन बायकांना, तुम्ही हे कुणाचं चोरलंत, असं विचारत होतो. त्यांनी मला चहा दिला हेच पुष्कळ.

मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. "नेणाऱ्याने बोलायचं नाही. आणि ज्याची आहे त्याने?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "त्यानं तर आजाबात न्हाई. मी बोलले ती चूकच झाली. भरल्या मांडवात बोलले."

मी म्हणालो, कुठल्याही दारातून काशी आणून देतो, पट्ट्या सगळ्यांच्या सारख्याच आहेत. ती तयार होईना. बाकीच्या शेवंत्यांची खात्री तिला माझ्या जेलवरून पटत नव्हती. आत्याची मात्र तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. आत्याने काशी उपटून नेली त्या दिवशी दाराच्या फटीतून तिने पाहिलं होतं. तेवढं एकच झाड ती आपलं मानणार होती, आणि ते एकच अशा दारात होतं जिथे तिला जाता येत नव्हतं.

फेब्रुवारीत फुलं सरतात आणि काश्या फुटतात. मी आईला सांगितलं की मला कवठ्याची पानं पुन्हा हवी आहेत. हे खोटं होतं. ती म्हणाली, "चल, मी बी येते. पर गाडीतनं उतरनार न्हाई." दादाला मी खरा बेत सांगितला होता, कुठे जाणार ते नाही. निघताना त्याने शेजारच्या काकूंना उगाच सांगून टाकलं की आईला काशी आणायला नेतायत. काकू लगबगीने आल्या, आईच्या पाया पडल्या आणि तिकडून गंगाजल आणायला सांगितलं. आईने त्यांना आशीर्वादही दिला. गाडी तासगावच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. ती हसली हे बघून मला इतकं बरं वाटलं की एक गतिरोधक मला दिसलाच नाही.

तासगाव मागे पडलं तसं तिचं बोलणं कमी झालं. मग मधेच, काचेतून बाहेर बघत ती म्हणाली, "मी आनली तवा माझ्या आईनं बी पाठ केली व्हती. सासरी निघायच्या दिशी. म्हनली, मी जरा चुलीकडं बघते. चूल इझल्याली व्हती."

मी गाडी चालवत राहिलो.

आत्याचं घर गावाबाहेर, माळावर. दारात चार शेळ्या, पायरीच्या बाजूला शेवंतीचा वाफा. गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर आली, आधी मला बघितलं, मग गाडीत बघितलं.

"वैनी, उतरा," म्हणाली. "गाडीत च्या देत न्हाई मी कुनाला."

आई उतरली. दोघी ओसरीवर बसल्या आणि गुडघ्यावर बोलल्या. ऑपरेशन कुणी केलं, टाके कवा काढले, मांडी घालता येते का, जिना चढता येतो का. एका गुडघ्यावर एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. वाफ्याकडे दोघीही बघत नव्हत्या. मी बघत होतो. बुडाशी हिरव्यागार काश्या तरारून आल्या होत्या. विषय काही तिकडे वळेना आणि माझ्याच्याने राहवेना.

"आत्या," मी म्हणालो, "आईला एक काशी देतेस का?"

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून गेलो आहे. एवढं समजावून सांगितल्यावर, एवढ्या पट्ट्या मोजल्यावर, मी मागितली होती.

"कसली काशी?" आत्या म्हणाली. "आमी न्हाई देत बाबा कुनाला."

आईचा चेहरा उतरला. तिने काठी जवळ ओढली. मला वाटलं, संपलं. एवढ्या लांब आणून, पायऱ्या चढवून, मी एका वाक्यात सगळ्यावर पाणी ओतलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

आत्या उठली. "शेरडं का वरडत्यात बघते जरा," म्हणाली. शेळ्या मुकाट्याने पाला खात होत्या. "तू बी चल. पावन्यानं शेरडं बघावीत." तिने माझं मनगट धरलं आणि मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन घराकडे पाठ करून उभं केलं. मग ती शेळ्यांविषयी बोलायला लागली. ही कुठली, हिची आई कुठली, ही दूध किती देते, हिचा स्वभाव कसा आहे. मोठ्या आवाजात, न थांबता. मागे आईची काठी पायरीवर टेकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मला आठवलं, तिला वाकता येत नाही. मी वळणार तेवढ्यात आत्याची पकड घट्ट झाली.

"मागं बघू नगंस."

मग ती पुढच्या शेळीला म्हणाली, "काय गं, दांड्याचं खुरपं म्या भितीलाच टेकून ठेवलं जनू? वाकाय लागत न्हाई त्येला. ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, मी न्हाई आता मागं बघत."

मागे माती उकरल्याचा आवाज आला. आत्या शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी शेळीकडे बघत होतो आणि मला शेळी नीट दिसत नव्हती.

आम्ही परतलो तेव्हा आई ओसरीवर आपल्या जागी बसली होती. पदराखाली काहीतरी होतं आणि बोटं मातीने भरली होती. आत्याने त्यातलं काही पाहिलं नाही. तिने तांब्या आणला, आईच्या हातांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "हात धुवा, च्या घेऊ." आईने हात धुतले. आत्याने तिचे ओले हात स्वतःच्या पदराने पुसले, आणि ते पुसून झाल्यावरही सोडले नाहीत.

वडूजला पोचलो तेव्हा दादा पहार घेऊन तयार होता. न्हाणीमागचे ब्लॉक उचकटताना त्याला जेवढं सुख झालं तेवढं बसवताना झालं नसेल. आईने खुर्चीत बसून काश्या लावल्या, काठीच्या टोकाने भोवतीची माती दाबली.

"कुठनं आणलीस?" दादाने विचारलं.

"घरचीच हाय."

ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी साक्षीला होतो, गाडीही माझीच होती, आणि वर याच विषयात मी पीएच.डी. करत होतो. मी काही बोललो नाही.

मॅडमनी पुढे प्रबंधाचा विषय थोडा फिरवून घेतला. आता तो विविधतेवर नाही, विविधता का नाही यावर आहे. चोरीचं प्रकरण त्यात कसं लिहायचं हे मला अजून जमलेलं नाही. आई आता रोज तांब्या घेऊन न्हाणीमागे जाते, आणि तेवढंच चालते म्हणून डॉक्टर खूश आहेत.

या मार्गशीर्षात शेवंतीला फुलं आली. मी गुरुवारी गेलो होतो. गल्लीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी काहीतरी विचारायला म्हणून आली आणि न्हाणीमागे रेंगाळली. मी कट्ट्यावर बसून तिच्याकडे कौतुकाने बघत होतो. तिला सांगावं असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, की ही शेवंती कुठली, तिच्या पट्ट्या किती.

"तू आत ये," आई घरातून म्हणाली. "तुला शेरडं दाखवते."

आमच्याकडे शेळ्या नाहीत. मी उठून आत गेलो.